फॉरवर्डचं करिअर : पेठेत नऊ नंबर, बाहेर गेलं की विंगला

डाव्या_पायाचा

हंगाम रंगात आला की कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. एखादं पोरगं दोन गोल हाणतं आणि मागनं कुणीतरी ओरडतं, "ह्याला आयएसएलला पाठवा!" आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, देशातली सगळ्यात वरची लीग. जणू एसटीत बसवून दिलं की झालं.

मी स्वतः लीगमध्ये फॉरवर्ड खेळलोय, फार मोठा नव्हतो. पण बाहेर गेलेल्या आपल्या पोरांचं करिअर लांबनं बघत आलोय आणि एक गोष्ट सारखी खटकते. इथं जो नऊ नंबर, म्हणजे मधला स्ट्रायकर, असतो तो तिथं नऊ नंबर राहत नाही.

अनिकेत जाधव घ्या. ६ ऑक्टोबर २०१७, दिल्लीचं नेहरू स्टेडियम, सतरा वर्षांखालचा विश्वचषक, समोर अमेरिका. भारताच्या आघाडीला आपला कोल्हापूरचा पोरगा. मॅच ०-३ गेली, तरी त्या रात्री अख्खं गाव टीव्हीपुढं होतं. नंतर इंडियन ॲरोज, जमशेदपूर आणि मग हैदराबाद. त्या हैदराबादनं २० मार्च २०२२ ला फातोर्ड्यात केरला ब्लास्टर्सला टायब्रेकरवर हरवून आयएसएल जिंकली. पण त्या मोसमात मध्ये कोण उभा होता? ओगबेचे. परदेशी स्ट्रायकर, १८ गोल आणि गोल्डन बूट, म्हणजे सगळ्यात जास्त गोलांचं बक्षीस. आपला पोरगा कडेला. निखिल कदम मोहन बागानसारख्या संघाकडून खेळला, तोही विंगरच.

ह्यात कमीपणा काहीच नाही. पण आपण इथं पोरांना घडवतो ते "बॉल मिळाला की वळ आणि मार" असं. मग विंगला उभा केल्यावर त्यानं काय करायचं? फॉरवर्डचं करिअर पायात किती ताकद आहे त्यापेक्षा कोच त्याला कुठं उभा करतो आणि तिथं तो किती लवकर रुळतो, ह्यावर ठरतं असं माझं मत झालंय. तुम्हाला काय वाटतं?

---

रंकाळावाला

दादा, मत भारी हाय पण मग भारताचा सुनील छेत्री कुठनं आला? तो काय विंगला खेळून देशाकडनं ९५ गोल मारून बसला व्हय? दम असला की कोच गप मध्ये उभा करतोय. आपल्या पोरांत दम हाय, बाहेर वशिला नाही, एवढंच.

---

पुणेरी_प्रेक्षक

रंकाळावाले, छेत्रीचंच उदाहरण घेतलंत ते बरं केलंत, कारण ते डाव्या_पायाचा यांच्याच बाजूनं जातं.

भारताकडून तो मध्ये खेळला, बरोबर. पण क्लबकडून? बंगळुरूचा २०१७-१८ चा मोसम आठवा. मध्ये व्हेनेझुएलाचा मिकू, छेत्री बहुतेक वेळा डावीकडं. मिकूचे १५ गोल, छेत्रीचे १४. डावीकडून आत येत येत माणसानं १४ गोल मारले! म्हणजे देशाच्या सगळ्यात मोठ्या स्ट्रायकरलाही क्लबमध्ये मधली जागा परदेशी खेळाडूला सोडावी लागली आणि त्यानं कुरकुर न करता ती सोडली.

आता गोल्डन बूटची यादी बघा. २०१४ ला एलानो, मग मेंडोझा, मार्सेलिन्हो, कोरो, वाल्सकिस, अंगुलो, ओगबेचे, दिएगो मॉरिसिओ, दिमांताकोस आणि २०२४-२५ ला २३ गोल करून अजराय. एकही भारतीय नाही. लीग सुरू झाली तेव्हा मैदानावर सहा परदेशी चालायचे, २०१७-१८ ला पाच झाले, २०२१-२२ पासून चार. ते चार कुठं वापरायचे हे क्लबनं ठरवायचं. पैसे मोजून आणलेला माणूस लेफ्ट बॅकला कोण उभा करेल? तो जातो स्टॉपरला (मधल्या बचावाला), मिडफिल्डला आणि नऊ नंबरला. उरलेल्या जागा आपल्या पोरांच्या.

वशिला हा शब्द मला इथं लागू वाटत नाही. हिशोब आहे सगळा.

---

गोलकीपरचा_भाऊ

अहो लीगचं कशाला सांगताय, आपल्या पेठांत काय वेगळं चाललंय? आफ्रिकेतनं पोरं आणायची, फ्लॅट भाड्यानं द्यायचा, पुढं उभी करायची. आपलं पोरगं वर्षभर तालमीत, म्हणजे पेठेच्या संघात, राबतंय आणि फायनलला बाकावर. मग म्हणायचं आपल्याकडं स्ट्रायकर तयार होईनात.

(परदेशी पोरांबद्दल राग नाही. त्यातले काही इतके गोड बोलतात की रविवारी आमच्या घरी तांबडा-पांढरा वरपायला असतात. रस्सा त्यांना तिखट लागत नाही, हे मात्र मला पटलेलं नाही.)

---

नऊ_नंबर

मी लहान मुलांना शिकवतो, म्हणून जरा तपशिलात लिहितो. लांबलं तर माफ करा.

छेत्री उंचीला साधारण पाच फूट सात इंच. तरी त्याचे हेडचे गोल मोजायला बसलात तर दमाल. कसं? त्याचा बॉक्समधला एक गोल घ्या आणि बॉलकडं न बघता फक्त त्याच्याकडं बघा. क्रॉस यायच्या आधी तो स्टॉपरच्या पाठीमागं, त्याच्या नजरेआड सरकतो. स्टॉपरला एकाच वेळी बॉल आणि माणूस दोन्ही दिसत नाहीत. तो बॉलकडं बघायला मान वळवतो, त्याच क्षणी छेत्री दोन पावलं मागं जातो आणि मग एकदम पुढच्या खांबाकडं सुटतो. उडी उंच नसते, लवकर असते. स्टॉपर उडायच्या आत ह्याचं डोकं बॉलला लागलेलं असतं.

दुसरा गोल, २०१९ च्या आशिया कपमधला, थायलंडविरुद्ध दुसरा हाफ सुरू झाल्या झाल्या. उदांतानं उजवीकडनं आत घातला, आशिकनं तो मागं सोडला आणि छेत्रीनं थांबवायच्या भानगडीत न पडता पहिल्याच टचला जाळीत. आपण ती मॅच ४-१ जिंकली. आपल्याकडचं पोरगं अशा जागी काय करतं? बॉल थांबवतं, एक माणूस चकवतं, गॅलरी "होऽऽ" करते, दुसरा चकवायला जातं आणि बॉल जातो. गॅलरीलाही तेच आवडतं, खोटं कशाला बोलू.

ह्याला मैदानही थोडं कारणीभूत आहे. पोरं वाढतात ती गांधी मैदानासारख्या ठिकाणी. पावसाळ्यात तिथं पाणी, उन्हाळ्यात टणक जमीन. बॉल टप्पा पडला की उसळतो, त्यामुळं पहिल्या टचला मारण्यापेक्षा आधी ताब्यात घेणं शहाणपणाचं वाटतं. सवय तिथंच लागते. पुढं हिरव्यागार टर्फवर गेल्यावर बॉल जमिनीलगत झरकन येतो आणि आमचं पोरगं अजून पाय उचलून टप्प्याची वाट बघत असतं.

विंगचं म्हणाल तर तिथं अजून एक काम येतं, परत पळणं. समोरचा बॅक वर गेला की त्याच्या मागं आपल्या बॉक्सपर्यंत जायचं. हे काम पेठेतल्या नऊ नंबरला कुणी सांगितलेलंच नसतं. तो कमरेवर हात ठेवून सेंटरला उभा. ट्रायलला आलेला कोच सगळ्यात आधी हेच बघतो, गोल नंतर.

---

रंकाळावाला

नऊ_नंबर सर, कमरेवर हात ठेवणारा म्हणजे आमच्या संघाचा कोण ते समद्यांस्नी कळलंय 😂 पण पटलं. पहिल्या टचचं तर शंभर टक्के.

तरी छेत्री एवढा मोठा झाला तो जागा बदलून नव्हं, नशीबपण होतं की राव.

---

पुणेरी_प्रेक्षक

नशीब? एकदा त्याचं करिअर ओळीनं लावून बघू या, मग नशीब कुणाच्या बाजूला होतं ते ठरवा.

२००२ ला मोहन बागान. मग जेसीटी. १२ जून २००५ ला क्वेट्ट्यात पाकिस्तानविरुद्ध भारताकडून पहिली मॅच आणि पहिल्याच मॅचला गोल. २००८ ला दिल्लीत एएफसी चॅलेंज कप ह्या आशियाई स्पर्धेची फायनल, ताजिकिस्तानला ४-१, ह्याची हॅटट्रिक. त्या जोरावर भारत २०११ च्या आशिया कपला गेला, तोही २७ वर्षांनी. इथवर सगळं चढतं.

आता पुढं. २००९ ला इंग्लंडच्या क्यूपीआरनं घ्यायची तयारी दाखवली, तर वर्क परमिट नाकारलं, कारण भारताचं फिफा रँकिंग पहिल्या सत्तरात नव्हतं. म्हणजे पोरगं कितीही चांगलं असो, देशाचा नंबर आडवा आला. २०१० ला अमेरिकेत कॅन्सस सिटीला गेला. मेजर लीग सॉकरच्या सामन्यात एक मिनिटही मिळालं नाही. परत आला. २०१२ ला पोर्तुगालच्या स्पोर्टिंगचा बी संघ, तिथं जेमतेम तीन सामने. पुन्हा परत. ज्या जेसीटीत तो मोठा झाला तो संघही २०११ ला बंद पडला.

तेव्हा त्याचं वय २८-२९. आपल्याकडं ह्या वयात फॉरवर्डला "आता संपला" म्हणतात. २०१३ ला बंगळुरू एफसी नावाचा कोरा करकरीत क्लब निघाला आणि हा तिथं गेला. पहिल्याच मोसमात आय-लीग (तेव्हाची देशातली मुख्य लीग), २०१५-१६ ला पुन्हा, २०१६ ला एएफसी कप ह्या आशियाई क्लब स्पर्धेची फायनल, २०१८-१९ ला आयएसएल. त्याचं खरं करिअर तिशीच्या तोंडावर सुरू झालं म्हटलं तरी चालेल.

६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध निवृत्त झाला, १५१ सामने, ९४ गोल. आणि वर्ष व्हायच्या आत, मार्च २०२५ ला, परत बोलावलं. मालदीवविरुद्ध आल्या आल्या गोल. त्याच २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये चाळिशीत १४ गोल, भारतीयांत सगळ्यात जास्त. लोक टाळ्या वाजवत होते, मला मात्र ते जरा भीतीदायक वाटलं. चाळिशीच्या माणसाला परत आणावं लागतं, कारण मागं रांगेत कुणी नाही. रांगेतले सगळे विंगला उभे आहेत ना!

---

तिसरी_गल्ली

मी इथं बहुतेक वेळा वाचतेच, आज लिहिते आहे. माझा मुलगा अकरावीत आहे, शाळेपासून फॉरवर्ड खेळतो. यंदा एका तालमीच्या बी संघात नाव लागलंय. घरात ह्यांचं म्हणणं, बारावी होऊ दे मग बघू. सासरे म्हणतात, पोलिसात भरती हो, खेळाडू कोट्यातनं लागशील. आणि मुलगा म्हणतो ट्रायलला जायचंच. तुम्ही सगळे इतकं जाणता, मला एवढंच सांगा, ह्यात पोटापाण्याचं काही आहे का? आकडे नकोत, खरं सांगा.

---

गोलकीपरचा_भाऊ

ताई, खरं सांगतो. माझा भाऊ कीपर. राज्याबाहेरच्या एका क्लबनं करार केला, क्लबचं नाव घेत नाही. राहायला एका खोलीत सहा जण. सुरुवातीला पगार वेळेवर, मग "पुढच्या महिन्यात एकदम देतो" सुरू झालं. मोसम संपला, पगार काही आला नाही. तक्रार कुठं करायची हे विचारायला गेला तर मॅनेजरचा फोन बंद. आता इथं एका दुकानात आहे आणि संध्याकाळी तालमीकडनं खेळतो. आनंदात आहे तसा.

करार हातात घेतल्यावर तीन गोष्टी बघायच्या: मुदत किती, दुखापत झाली तर ऑपरेशनचा खर्च कोणाचा, आणि मध्येच सोडायचं झालं तर सोडचिठ्ठी कोण देणार. भावाच्या करारात दुखापतीचा शब्दही नव्हता. फॉरवर्डला तर हे जास्तच बघावं लागतं, सगळ्यात जास्त लाथा त्यालाच बसतात.

---

पुणेरी_प्रेक्षक

तिसरी_गल्ली ताई, भावाचं ऐकून घाबरू नका, पण क्लबांचं आयुष्य खरंच कमी असतं. कोल्हापूरच्या पोराला जवळ पडणारे क्लब बघा. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० ला बंद. पुणे एफसी गेला. डीएसके शिवाजीयन्स गेला. एफसी पुणे सिटी २०१९ ला गुंडाळला आणि त्याच्या जागी हैदराबाद आला. पुण्याच्या अकादम्यांतनं आपली किती पोरं पुढं आली, आणि आता तोच जिना मोडलाय. पोराला घरापासून लांबच जावं लागणार हे धरून चाला.

आणि वरच्या पातळीवरही सगळं आलबेल नाही. जुलै २०२५ ला आयएसएलचा पुढचा मोसमच थांबवला गेला, आणि ऑगस्टात छेत्रीच्याच बंगळुरूनं पहिल्या संघाचे पगार रोखले. तिथं ही गत, तर खाली काय असेल.

---

डाव्या_पायाचा

पोटापाण्याच्या प्रश्नावर माझं थोडं वेगळं. आपण "बाहेर टिकला तरच करिअर" असं गृहीत धरतोय. कोल्हापुरात राहून फॉरवर्ड म्हणून जगता येतं, फक्त त्याला पगार म्हणत नाहीत. मोसमाचं मानधन, सामनावीराचं बक्षीस, कुणी दुचाकी दिली, कुणी दुकानात लावलं, कुणाला पोलिसात नोकरी. आणि मान! पीटीएम (पाटाकडील तालीम), दिलबहार, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, कुठल्याही संघाचा जुना फॉरवर्ड चहाच्या गाडीवर गेला तर पैसे देऊ देत नाहीत. पन्नाशीला आलेल्या माणसाला "काय गोल मारला होतासा" म्हणून रस्त्यात थांबवतात. हे पुण्या-मुंबईत कुणाच्या नशिबी आहे?

२०१८ ला आठवतं का, छेत्रीनं व्हिडिओ टाकून हात जोडले होते, "शिव्या द्या, पण मैदानात या". कारण मुंबईत चायनीज तैपेईला ५-० हरवलं ती मॅच बघायला २,५६९ लोक होते. हॅटट्रिक त्याचीच.

---

रंकाळावाला

२,५६९??? आमच्याकडं तेवढी निस्ती कंपाउंडच्या भिंतीवर असत्यात. बी ग्रुपच्या मॅचला!

---

नऊ_नंबर

पण रंकाळावाले, त्याच गर्दीनं पोरं बिघडतात हेही बोला. अठराव्या वर्षी डिजिटल फलकावर फोटो, मिरवणूक, गुलाल. त्यानंतर ह्याला कुणी सांगेल का, "बाबा, तुझा डावा पाय कच्चा आहे"? सांगितलं तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पेठेत सही करायला तयार. मी डाव्या_पायाचा यांच्याशी ह्यात सहमत नाही. चहा फुकट मिळणं हे करिअर नव्हे. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं की तोच चहावाला दुसऱ्या पोराचं नाव घेतो, आणि गुडघा तुटायला आपल्या मैदानावर फार वेळ लागत नाही.

---

डाव्या_पायाचा

मान्य नाही, पण उत्तरही नाही 🙂

तिसरी_गल्ली ताई, मुलगा उजव्या पायाचा की डाव्या? आणि पळतो कसा?

---

तिसरी_गल्ली

उजव्या. पळतो चांगला, शाळेत चारशे मीटरला पहिला यायचा. हेड मारायला मात्र घाबरतो, डोळे मिटतो असं त्याचे सर म्हणतात.

---

नऊ_नंबर

मग सोप्पं आहे. चारशे मीटर पळणारा उजव्या पायाचा पोरगा म्हणजे डाव्या विंगला सोन्यासारखा. डावीकडनं आत आला की उजव्या पायावरच बॉल येतो आणि गोल समोर दिसतो. मिकू मध्ये असताना छेत्रीनं हेच केलं. हेडचं नंतर बघू, हलक्या बॉलवर सवय लागते.

बारावी आणि फुटबॉल दोन्ही जमतं. ट्रायल बहुधा सुट्टीत असतात. फक्त तीन गोष्टी करा. वयाचा दाखला आणि आधार ह्यातली जन्मतारीख एकच आहे का ते आत्ताच तपासा. त्यावरून पोरं परत पाठवतात. तालमीत सही करायच्या आधी विचारा की मध्येच बाहेर निवड झाली तर सोडणार का, आणि ते लिहून घ्या. आणि ट्रायलच्या फॉर्मवर "पोझिशन" लिहितात तिथं नुसतं "फॉरवर्ड" लिहू नका, "लेफ्ट विंग / फॉरवर्ड" लिहा. नुसते फॉरवर्ड लिहिणारे ढिगानं येतात, त्यांना वीस मिनिटांत बॉलच मिळत नाही.

---

तिसरी_गल्ली

खूप आभार. विंगचं त्याला आत्ता सांगितलं तर म्हणाला, "मम्मी, विंगला खेळलं तर माझं नाव कोण घेणार?"

---

रंकाळावाला

वैनी, त्याला म्हणावं तू पळ, नाव आम्ही घेतो. गॅलरीतनं. कुठल्या तालमीत हाय तेवढं सांगा फकस्त, विरोधी असली तर शिव्या घालाव्या लागतील, आधीच माफी मागून ठेवतो.

---

गोलकीपरचा_भाऊ

आणि ताई, शिनगार्ड चांगले घ्या. बाकी सगळं स्वस्तातलं चालतंय.